एका थेंबाची ओढ

अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पाण्याचा थेंब धरा. आता बोटं अगदी हळूहळू एकमेकांपासून दूर न्या. थेंब लगेच पडत नाही. तो ताणला जातो, मधोमध बारीक होतो आणि मग तुटतो. तुटण्याआधी दोन बोटांमध्ये जे उभं होतं, त्याला म्हणतात ‘लिक्विड ब्रिज’, म्हणजे द्रवाचा पूल.

हा पूल नुसता उभा नसतो, तो दोन्ही बाजूंना आत ओढत असतो. कारण आपलं शाळेतलंच, सरफेस टेन्शन! चौपाटीवर कोरड्या वाळूचा किल्ला होत नाही, ओलसर वाळूचा मस्त होतो. कणाकणांत पाण्याचे असे असंख्य पूल तयार झालेले असतात. पाणी जास्त ओतलं, की पूल एकमेकांत मिसळतात आणि किल्ला बसतो.

ही झाली गंमत. पण हीच ओढ आपल्या फुप्फुसांतही असते, आणि तिथे प्रश्न जिवाचा असतो. सगळ्यात बारीक श्वासनळ्यांना आतून द्रवाचा पातळ थर असतो. श्वास सोडताना नळ्या आक्रसल्या, की हा थर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पूल बांधून वाटच अडवू शकतो. टोकाचे इवलेसे वायुकोशही याच ताणामुळे मिटायला बघतात. निरोगी फुप्फुसांत ‘सर्फॅक्टंट’ नावाचा, साबणासारखं काम करणारा पदार्थ हा ताण कमी करतो. फार लवकर जन्मलेल्या बाळाकडे तो पुरेसा नसतो. मग प्रत्येक श्वास म्हणजे मिटलेली फुप्फुसं पुन्हा उघडायची धडपड.

हे कारण १९५९ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवलं. पण उपाय हाती नव्हता. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि दोन दिवसांच्या आत याच आजाराने गेला. पुढे १९८० मध्ये जपानचे डॉ. तेत्सुरो फुजिवारा आणि सहकाऱ्यांनी गायीच्या फुप्फुसांपासून बनवलेलं सर्फॅक्टंट १० बाळांच्या श्वासनळीत सोडलं, आणि त्यांचा श्वास सुधारला. आज हे औषध नवजात बाळांच्या आयसीयूत नेहमीचं झालंय.

‘सरफेस टेन्शन शिकून काय करायचंय?’ असं कुणी विचारलंच, तर आधी बोटांतला थेंब दाखवा. मग या बाळांबद्दल सांगा.