पाण्यात उभ्या डोंगरांच्या मुक्कामी

व्हिएतनामच्या हालाँग उपसागरातील एका रात्रीची आलिशान समुद्रसफर आता भारतीय कुटुंबांच्याही बेतात येऊ लागली आहे. जाहिरातीतले 'दोन दिवस' प्रत्यक्षात किती तासांचे असतात? पैसे भरण्यापूर्वी काय विचारावे? आणि तिथे गेल्यावर नक्की काय पाहावे?

समुद्र म्हटला की लाटा, वाळू आणि दूरवर आभाळाला टेकलेली पाण्याची रेघ डोळ्यांसमोर येते. व्हिएतनामच्या उत्तरेला, तोंकिनच्या आखातातील हालाँग उपसागरात यातले फारसे काही नजरेस पडत नाही. इथले पाणी तळ्यासारखे संथ आणि हिरवट. आणि क्षितिज दिसूच नये अशा बेताने चहूबाजूंना पाण्यातून सरळ वर आलेले डोंगर! कुणी सुळक्यासारखा, कुणी घुमटासारखा, तर कुठे दोन खडक झुंजीला उभ्या राहिलेल्या कोंबड्यांसारखे समोरासमोर. सुमारे १,५५० चौरस किलोमीटरच्या या उपसागरात अशी लहानमोठी १,९६९ बेटे मोजली गेली आहेत. बहुतेकांवर माणसाची वस्ती नाही, कारण पाय ठेवायलाच सपाट जागा नाही.

'हा लाँग' म्हणजे खाली उतरणारा ड्रॅगन. परचक्र आले तेव्हा देवांनी एक ड्रॅगन माता आणि तिची पिल्ले मदतीला धाडली, त्यांनी तोंडातून रत्नांचा वर्षाव केला आणि त्या रत्नांची बेटे होऊन शत्रूची जहाजे अडली, अशी तिथली लोककथा आहे. कथेला इतिहासाचा थोडा आधारही आहे. उपसागराजवळच्या बाख डांग नदीत १२८८ मध्ये सेनापती त्रान हुंग दाओ याने पात्रात टोकदार लाकडी खांब रोवून ठेवले. भरतीबरोबर आत शिरलेली मंगोल गलबते ओहोटी लागताच त्यांवर अडकली आणि बलाढ्य आरमाराचा धुव्वा उडाला. यातले खांब ज्या गुहेत साठवले होते असे सांगतात, ती 'दाऊ गो' गुहा आजही पर्यटकांना दाखवली जाते.

शिल्पकार पाऊस

सह्याद्रीच्या काळ्या, कठीण दगडाशी परिचय असलेल्यांना हे डोंगर वेगळे का दिसतात, असा प्रश्न पडेल. सह्याद्रीचा बेसॉल्ट ज्वालामुखीच्या लाव्हारसातून घडला. हालाँगचे डोंगर चुनखडकाचे आहेत. वीस-तीस कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी शंख, शिंपले, प्रवाळ यांचे थर साचले, दबले आणि त्यांचा खडक झाला. पुढे भूगर्भातील हालचालींनी तो वर उचलला गेला.

मग पावसाने काम सुरू केले. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते आणि चुनखडक त्यात हळूहळू विरघळतो. भेगा रुंदावल्या, दऱ्या झाल्या, पोटात गुहा कोरल्या गेल्या आणि शेवटी उरले ते एकेकटे उभे सुळके. गेल्या हिमयुगानंतर बर्फ वितळून समुद्राची पातळी वाढली तेव्हा दऱ्यांत पाणी भरले आणि डोंगरांची बेटे झाली. बोट एखाद्या बेटाजवळून जाईल तेव्हा त्याच्या पायथ्याकडे जरूर पाहा. पाण्याच्या रेषेवर सगळीकडे खडक आत कोरला गेलेला दिसेल. समुद्र आजही तो पोखरतो आहे.

युनेस्कोने १९९४ मध्ये सौंदर्यासाठी आणि २००० मध्ये भूशास्त्रीय महत्त्वासाठी हालाँगला जागतिक वारशाचा मान दिला. २०२३ मध्ये शेजारचा कात बा द्वीपसमूहही त्यात जोडला गेला.

दोन दिवस की तेवीस तास?

'दोन दिवस, एक रात्र' असे जाहिरातीत असते. हिशेब मात्र आधी समजून घेतलेला बरा. सकाळी आठच्या सुमारास हनोईहून गाडी निघते. धक्क्यापर्यंतचा रस्ता साधारण अडीच-तीन तासांचा. दुपारी बाराच्या आसपास बोटीवर चढायचे आणि दुसऱ्या दिवशी अकरा-साडेअकराला उतरायचे. म्हणजे पाण्यावरचा मुक्काम जेमतेम तेवीस तासांचा! त्यातले सात-आठ झोपेचे, चार-पाच जेवणखाण्याचे, तीन-चार बेटांवर आणि गुहांत. डेकवर निवांत बसायला उरतात ते मोजकेच तास.

म्हणूनच केबिनमधला बाथटब, मसाज आणि चकचकीत फोटो यांवर भुलून जादा पैसे मोजण्यापूर्वी थोडा विचार करावा. दर माणशी शंभर डॉलरच्या आसपासपासून कित्येक शे डॉलरपर्यंत जातात. स्वच्छ अंथरूण, गरम पाणी आणि खोलीला मोठी खिडकी किंवा छोटासा सज्जा एवढे मिळाले तरी मुक्काम सुखाचा होतो. त्याहून अधिक खर्च करायचाच असेल, तर तो चांगल्या मार्गासाठी करावा.

कारण उपसागराचे तीन भाग आहेत. मधला हालाँगचा भाग सर्वांत प्रसिद्ध, त्यामुळे गर्दीही तिथेच. ईशान्येकडचा बाई तू लाँग आणि दक्षिणेकडे कात बा बेटाला लागून असलेला लान हा हे दोन्ही भाग तितकेच देखणे आणि बरेच शांत आहेत. प्रसिद्ध गुहा पाहायच्या असतील तर मधला भाग निवडावा, शांतता आणि कयाकिंग हवे असेल तर बाकीचे दोन. बोट कोणत्या भागात जाते आणि रात्री कुठे नांगर टाकते, हे नोंदणी करतानाच विचारा.

आश्चर्याची गुहा, अंतराळवीराचे बेट

मधल्या मार्गावर बहुतेक बोटी सुंग सोत गुहेपाशी थांबतात. या नावाचा अर्थच 'आश्चर्य'. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंचांनी तिला हे नाव दिले. बाहेरचे दालन ओलांडून अरुंद वाटेने आत जावे आणि एकदम प्रचंड सभागृहासारखी जागा समोर उघडावी, अशी तिची रचना आहे. छताला लोंबणारे आणि जमिनीतून वर आलेले लवणस्तंभ पाहताना वेरूळ-अजिंठ्याची आठवण होते. मात्र तिथे माणसाच्या छिन्नीने जे केले, ते इथे थेंबाथेंबाने केले आहे. चढउतार बराच असल्याने गुडघेदुखी असलेल्यांनी सावकाश जावे आणि पायात न घसरणाऱ्या चपला-बूट घालावेत.

जवळच तीतोप बेट आहे. १९६२ मध्ये सोव्हिएत अंतराळवीर घेर्मान तितोव्ह हो ची मिन्ह यांच्यासोबत इथे आला होता, त्याच्या नावावरून हे नाव पडले. अंतराळात झोप घेणारा पहिला माणूस हा तितोव्हच! चारशेहून अधिक पायऱ्या चढून माथ्यावर गेले की खाली खेळण्यांसारख्या बोटी आणि त्यांच्याभोवती बेटांचा वेढा असे दृश्य दिसते. ज्यांना चढणे जमणार नाही, त्यांनी खाली छोट्याशा पुळणीवर बसावे.

मुलांसाठी आणखी एक गंमत. व्हिएतनामच्या दोन लाख डाँगच्या नोटेवर मागच्या बाजूला इथल्याच एका धूपदाणीसारख्या खडकाचे चित्र आहे. ती नोट हाती धरून खरा खडक शोधायला लावला, की मुले तासभर मोबाइल विसरतात.

रात्र आणि पहाट

संध्याकाळी बोटी ठरलेल्या जागी नांगर टाकतात. जेवणानंतर मागच्या बाजूला दिव्याच्या उजेडात गळ टाकून माकूल धरण्याचा खेळ चालतो. माकूल मिळतेच असे नाही. काही बोटींवर मोठ्याने गाणी लावण्याची हौस असते. वयस्कर माणसे किंवा तान्ही मुले बरोबर असतील, तर याची चौकशीही आधीच करावी.

पण सफरीचे खरे मोल कशात असेल, तर ते पहाटेच्या तासाभरात. साडेपाचच्या सुमारास डेकवर यावे. इंजिने बंद असतात, बेटांच्या मागून उजेड हळूहळू येतो आणि एकामागे एक डोंगरांच्या करड्या छटा उलगडत जातात. थोड्या वेळाने ताई-ची व्यायामाचा वर्ग सुरू होतो, कॉफी येते, गजबज सुरू होते. त्याआधीचा तो तास झोपेत घालवू नये.

शाकाहाऱ्यांनी काय करावे?

बोटीवरचे जेवण मुख्यतः मासे, कोळंबी, कालवे आणि भात असे असते. मासे खाणारी मंडळी खूष होतात. शाकाहाऱ्यांनी मात्र नोंदणीच्या वेळीच लेखी कळवावे, कारण भाजीतही 'नुओक माम' हा माशांचा रस घालण्याची तिथे पद्धत आहे. 'आन चाय' म्हणजे शाकाहारी खाणे, हे दोन शब्द लक्षात ठेवावेत. बौद्ध परंपरेमुळे ते सर्वांना कळतात. भारतीय पर्यटक वाढल्यामुळे अनेक बोटींवर आता सोय होते. तरीही सोबत थोडे खाकरे, चिवडा, लाडू असलेले बरे.

सुरक्षेची चौकशी आधी

या शांत पाण्यानेही बळी घेतले आहेत. फेब्रुवारी २०११ मध्ये मुक्कामाला थांबलेली एक बोट पहाटे पाणी शिरून बुडाली आणि झोपेतले १२ जण गेले. जुलै २०२५ मध्ये दुपारी अचानक आलेल्या वादळात दिवसाच्या सहलीची एक बोट उलटली. तीत ३५हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत लहान मुलेही होती.

म्हणून बोट निवडताना ती पोलादी सांगाड्याची आहे का, हे विचारावे. चढताच होणारी सुरक्षेची सूचना गप्पा थांबवून ऐकावी. लाइफ जॅकेट केबिनमध्ये कुठे आहे, मुलांच्या मापाचे आहे का, बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग कोणता, हे झोपण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाने पाहून ठेवावे. कयाकमध्ये किंवा छोट्या होडीत बसताना जॅकेटचे बंद लावलेच पाहिजेत, मग फोटो कसाही येवो.

हवामान बिघडले की बंदर प्रशासन सफरी रद्द करते. अशा वेळी वाद घालू नये. पैसे परत मिळण्याचे किंवा तारीख बदलण्याचे नियम आधीच लेखी घ्यावेत आणि परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी ही सफर ठेवू नये. मध्ये एक दिवस हाताशी असावा.

उठून गेलेली गावे

बेटांच्या आडोशाला पूर्वी कोळ्यांची तरंगती गावे होती. कुआ वान, वुंग व्हिएंग, बा हांग ही त्यांतली काही. पाण्यावर तरंगणारी लाकडी घरे, तिथेच शाळा, तिथेच मासळीचे पिंजरे. पिढ्यान्पिढ्या इथेच जन्म, इथेच लग्न. २०१४ मध्ये सरकारने या कुटुंबांना किनाऱ्यावर वसवले. वादळाचा धोका, मुलांचे शिक्षण आणि पाण्याचे प्रदूषण ही त्यामागची कारणे. मुलांना शाळा आणि दवाखाना जवळ आला, पण ज्यांना मासेमारीखेरीज दुसरे काही येत नव्हते, त्यांना पोटासाठी पुन्हा पाण्याकडेच यावे लागले. आज पर्यटकांना बांबूच्या होडीत बसवून वल्हवणाऱ्या अनेक बायका याच कुटुंबांतल्या आहेत. उतरताना त्यांच्या हातावर थोडी बक्षिसी ठेवावी. 'काम अन' म्हणजे आभार, हेही आठवणीने म्हणावे.

उपसागरावरचा भार अजून हलका झालेला नाही. २०१९ पासून पर्यटक बोटींवर एकदाच वापरून फेकण्याच्या प्लॅस्टिकला बंदी आहे, तरीही पाण्यात कचरा तरंगताना दिसतो. कात बा बेटावरचा सोनेरी डोक्याचा लंगूर जगात अन्यत्र कुठेही नाही आणि तोही शंभराच्या आतच उरला आहे. पाण्याची बाटली घरून न्यावी, खाऊचे कागद पिशवीत परत आणावेत. कोट्यवधी वर्षांच्या कामगिरीत आपल्या हातून एवढी तरी मदत व्हावी.

कधी जावे, कसे जावे?

ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल हा काळ उत्तम. डिसेंबर ते फेब्रुवारीत गारठा आणि धुके असते. चित्र मोहक, पण दूरचे दिसत नाही. जुलै ते सप्टेंबर हा वादळांचा हंगाम. सप्टेंबर २०२४ मध्ये 'यागी' वादळाने या भागाची मोठी हानी केली होती. मुलांच्या मेच्या सुट्टीत जायचे तर उकाडा आणि सरी यांची तयारी ठेवावी.

भारतीयांना व्हिएतनामचा ई-व्हिसा मिळतो. त्याचा अर्ज अधिकृत सरकारी संकेतस्थळावरूनच करावा. बोटीवर जाताना मोठी बॅग हनोईच्या हॉटेलात ठेवून एका रात्रीपुरती लहान पिशवी न्यावी. तीत पासपोर्ट, नेहमीची औषधे, टोपी, एक गरम कपडा आणि पहाटे साडेपाचचा गजर लावलेले घड्याळ असले, की तयारी झाली.