‘नाकाचं हाड वाढलंय’ आणि सीटीचा रिपोर्ट

सीटीचा रिपोर्ट संध्याकाळी हातात पडतो, डॉक्टर भेटणार उद्या, आणि मधली रात्र गूगलवर जाते. डीव्हिएटेड सेप्टम, कॉन्का बुलोसा, हॅलर सेल... नावं अशी की पोटात गोळाच यावा. गंमत म्हणजे यातलं एकही नाव रोगाचं नाही. ‘मला सायनस आहे’ हे वाक्यही तसंच. सायनस म्हणजे चेहऱ्याच्या हाडांतल्या पोकळ्या; त्या तुम्हाला आहेत आणि शेजाऱ्यालाही. सुजतं ते त्यांचं अस्तर, आणि आजार म्हणायचा तो त्या सुजेला.

आता ‘नाकाचं हाड वाढलंय’. सहसा वाढलेलं काहीच नसतं. दोन नाकपुड्यांमधला पडदा पुढे कूर्चेचा, मागे हाडाचा असतो, आणि तो कुठेतरी कललेला असतो. ओळंब्यात उभा असलेला पडदा शोधायला गेलात तर फार थोड्यांचा सापडेल. श्वासच नीट जात नसेल तर ऑपरेशनचा विचार होतो. फिल्मवर तिरका दिसला एवढ्यावरून नाही.

कॉन्का बुलोसाला लोक गाठ समजतात. नाकाच्या बाहेरच्या भिंतीवरून आत एकाखाली एक वळकट्या लोंबत असतात. त्यातली मधली कधी आतून पोकळ निघते, आणि त्या पोकळीत असते निव्वळ हवा. सीटीवर हाड पांढरं दिसतं आणि हवा काळी, त्यामुळे पांढऱ्या रेघेने वेढलेला काळा फुगा ही तिची ओळख. फारच मोठी असली तर शेजारची निचऱ्याची वाट अरुंद होऊ शकते, एरवी ती कुणाचं काही बिघडवत नाही. डोळ्याच्या खोबणीखाली सापडणारी हॅलर सेल (18व्या शतकातल्या आल्ब्रेख्ट फॉन हॅलर या स्विस शरीरशास्त्रज्ञाच्या नावाची) याच पठडीतली. डोक्याचं सीटी भलत्याच कारणासाठी काढलेल्या माणसांतही हे सगळं सर्रास दिसतं.

‘पण रिपोर्टमध्ये सायनस भरलेत असं लिहिलंय!’ सर्दीत सीटी काढलं होतं का? अमेरिकेत 1994मध्ये साधी सर्दी झालेल्या 31 जणांचं सीटी काढलं, तर 87 टक्क्यांच्या गालामागच्या सायनसमध्ये दोष दिसला. दोनेक आठवड्यांनी काहींचं पुन्हा काढलं, तेव्हा बहुतेकांचं अँटिबायोटिक न घेताच निवळलेलं होतं. सर्दीत घाईने केलेल्या सीटीचे पैसे वाया, हे माझं मत त्यातूनच आलं आहे.

कपाळातला सायनस तर काहींना नसतोच, किंवा एकाच बाजूला असतो. त्यात उणीव काहीच नाही. त्याची कड ज्याची त्याची इतकी वेगळी असते की अनोळखी मृतदेहाची ओळख पटवायला जुन्या एक्स-रेशी ती ताडून पाहतात.

मग रेडिओलॉजिस्ट हे सगळं लिहितो कशाला? सर्जनसाठी. ओनोडी सेल नावाची पोकळी असेल, तर डोळ्याची नस तिच्या भिंतीला खेटून किंवा चक्क आतून जाऊ शकते. वासाच्या नसांचा खळगा किती खोल, तेही मोजतात: केरोसच्या 1962च्या वर्गवारीत 1 ते 3 मिलिमीटर पहिला प्रकार, 4 ते 7 दुसरा, 8 ते 16 तिसरा. खळगा जितका खोल, तितकी त्याची कागदासारखी पातळ भिंत दुर्बिणीच्या ऑपरेशनात हत्याराच्या टप्प्यात येते, आणि पलीकडे मेंदू. पेशंट गूगलवर कॉन्का बुलोसा शोधत असतो तेव्हा सर्जन ती भिंत न्याहाळत असतो.