मॅजिकजॅकच्या पोटात कोणत्या चिप्स?

आज स्क्रूड्रायव्हर जवळ ठेवा.

अमेरिकेत कुणी नातेवाईक असेल तर मॅजिकजॅक हे नाव ऐकलं असेल. २००७ मध्ये तिकडे आलेली छोटी डबी. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला साध्या घरगुती फोनची वायर. कॉम्प्युटरला लावा, इंटरनेटवरून बोला. माझ्याकडे असाच एक जुना पीस आलाय, वर्गणी कधीच संपलेली. फेकायचा की दुसऱ्या कामाला लावायचा? ते आतल्या चिप्सवर ठरतं.

लगेच उघडू नका हां. आधी ओटीजी केबलने अँड्रॉइड फोनला जोडा आणि यूएसबीची माहिती दाखवणारं एखादं ॲप उघडा. प्रत्येक यूएसबी वस्तू आपला व्हेंडर आयडी सांगते. ०६ई६ दिसला तर तो टायगरजेट या चिप कंपनीचा. अशी डबी कॉम्प्युटरला साउंड कार्ड वाटते, शिवाय एक खोटी सीडी ड्राइव्हसुद्धा! सॉफ्टवेअर त्यातूनच सुरू होतं. (मॅजिकजॅक प्लस वेगळं, ते थेट राउटरला लागतं.)

आता झाकण. चिपवरची अक्षरं समोरच्या उजेडात दिसतच नाहीत. टॉर्च आडवा धरा, फोटो काढा, झूम करा. पार्ट नंबरच्या खाली बऱ्याचदा चार आकडे असतात. ०८३२ म्हणजे बहुतेक २००८ चा ३२वा आठवडा. लोक नेमकं हेच सर्च करतात आणि म्हणतात, काही सापडत नाही!

खरी गंमत फोनच्या जॅकजवळ आहे. यूएसबी देतं फक्त ५ व्होल्ट. एक्सचेंजच्या लाइनवर मात्र ४८ व्होल्ट असतात, आणि घंटीसाठी त्याहून जास्त, तेही एसी. हे सगळं त्या इवल्या डबीला स्वतः तयार करावं लागतं. म्हणून तिथे कॉइल, कॅपॅसिटर आणि 'स्लिक' नावाची चिप असते. लाइनला वीज देणं, रिसीव्हर उचललाय का ते ओळखणं, घंटी वाजवणं, ही तिची कामं. नंबर 'एसआय३२'ने सुरू होत असेल तर बहुधा सिलिकॉन लॅब्सची प्रोस्लिक. घंटी वाजताना तिथे बोट लावू नका, चांगला झटका बसतो.

मग निकाल काय? आवाज साउंड कार्डासारखा जातो, म्हणजे आशा आहे. पण लाइन चालू करायला, घंटी वाजवायला स्लिकला कमांड द्याव्या लागतात, आणि त्या डेटाशीटमध्ये शोधायच्या. मी सध्या तिथेच अडकलोय. डबी टेबलावर उघडीच आहे.