सॉसच्या बाटल्यांनी चव येत नाही

पास्ता, सोया सॉस, ऑरेगॅनोच्या पुड्या आता तालुक्याच्या गावातही मिळतात. तरी घरचा पास्ता गिचका होतो, फ्राइड राइस ओलसर राहतो आणि थाई करी नारळाच्या पातळ कालवणासारखी लागते. मग आणखी एक बाटली आणली जाते. खरं तर बहुतेक वेळा सामान पुरेसं असतं. बिघडतं ते आच, पाणी आणि काय कधी घालायचं यात. नेहमी ऐकू येणारे काही गैरसमज पाहू.

गैरसमज : पास्ता शिजवताना पाण्यात तेल घातलं की तो चिकटत नाही.

वस्तुस्थिती : तेल पाण्यावर तरंगतं, खाली शिजणाऱ्या पास्त्याला ते लागतच नाही. पास्ता चिकटतो तो पहिल्या एक-दोन मिनिटांत, वरचा स्टार्च ओला होतो तेव्हा. तेवढ्या वेळात दोन-तीनदा नीट ढवळलं की काम झालं. १०० ग्रॅम पास्त्याला लिटरभर पाणी आणि ७ ते १० ग्रॅम मीठ घ्या. थोडा कच्चा असतानाच पास्ता काढा, न धुता सॉसमध्ये टाका आणि पास्ता उकळलेलं पळीभर पाणी घालून शिजवा. त्या पाण्यातल्या स्टार्चमुळे सॉस मिळून येतो. रोमच्या पारंपरिक कार्बोनारा पास्त्यात क्रीम नसतं. अंडी, पेकोरिनो चीज, मिरी, डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस आणि हेच पाणी, एवढ्यावर त्याचा सॉस दाट होतो. अंडं मात्र आच बंद केल्यावरच मिसळायचं, नाहीतर भुर्जी होते.

गैरसमज : नारळाचं दूध फुटलं म्हणजे थाई करी बिघडली.

वस्तुस्थिती : कोकणात, गोव्यात आपण नारळाचा घट्ट रस शेवटी घालतो आणि तो फुटू नये म्हणून जपतो. थायलंडच्या अनेक करींमध्ये क्रम उलटा असतो. घट्ट दूध आधी कढईत आटवतात, ते फुटून तेल सुटलं की त्या तेलात करी पेस्ट परततात आणि खमंग वास सुटल्यावर पातळ दूध घालतात. गवती चहा, गलांगल, मिरची यांचा स्वाद तेलात चांगला उतरतो. पेस्ट नुसत्या पाण्यात उकळली तर तो दबलेला राहतो. डब्यातलं नारळाचं दूध फुटू नये म्हणून त्यात बऱ्याचदा स्थिर ठेवणारे घटक असतात. अशा वेळी चमचाभर तेलात पेस्ट परतून घ्या. शेवटी फिश सॉसचा खारटपणा गोडाने तोलतात. तिकडे माडाच्या नीरेपासून केलेली साखर वापरतात. गोव्यातला माडाचा गूळ तिच्या जागी चालतो, रंग मात्र गडद येतो. बेसिलची पानं गॅस बंद करतानाच घालायची.

गैरसमज : फ्राइड राइसला ताजा, गरम भात हवा आणि सॉस सढळ हाताने हवा.

वस्तुस्थिती : ताज्या भातात वाफ असते, त्यामुळे तो परतला जाण्याऐवजी आणखी शिजतो. गार झालेल्या भाताचे दाणे घट्ट आणि सुटे राहतात. घरगुती शेगडीची आच हॉटेलच्या भट्टीएवढी नसते, म्हणून एका वेळी एक-दोन जणांपुरताच भात परता. भांडं भरलं की ते थंड पडतं आणि भाताला पाणी सुटतं. सोया सॉस थोडाच, कढईच्या कडेने सोडा. भात रात्रभर ओट्यावर मात्र ठेवू नका. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात आणि त्यांच्यापासून वाढलेल्या जिवाणूंनी तयार केलेलं एक विष गरम करूनही जात नाही. भात ताटात पसरून निववा आणि तासाभरात फ्रीजमध्ये ठेवा.

गैरसमज : अजिनोमोटो हे घातक रसायन आहे.

वस्तुस्थिती : अजिनोमोटो म्हणजे ग्लुटामेटचा सोडियम क्षार. १९०८ मध्ये टोकियोत किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने कोंबू या समुद्री शेवाळाच्या सारातून ग्लुटामेट वेगळं केलं आणि त्याच्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिलं. हेच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत, अळंब्यांत आणि मुरवलेल्या पार्मेझान चीजमध्येही असतं. १९६८ साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात चिनी जेवणानंतर होणाऱ्या त्रासाबद्दल एक पत्र छापून आलं आणि भीती पसरली. पुढच्या चाचण्यांत नेहमीच्या प्रमाणात असा त्रास सातत्याने दिसला नाही. रिकाम्या पोटी ३ ग्रॅम किंवा जास्त घेतल्यावर काहींना थोडा वेळ डोकेदुखीसारखा सौम्य त्रास होऊ शकतो, पण पदार्थात त्याहून खूपच कमी पडतं. अजिनोमोटोत सोडियम सुमारे १२ टक्के, तर मिठात ३९ टक्के असतं. म्हणून ते चिमूटभर घालायचं आणि मीठ तेवढं कमी करायचं. ते नकोच असेल तर सुकी अळंबी भिजवलेलं पाणी वापरा.

गैरसमज : मक्याच्या पिठाची भाकरी पातळ लाटली की मेक्सिकन टॉर्टिया होते.

वस्तुस्थिती : मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजवतात आणि मग वाटतात. चुन्यामुळे साल सुटते, पीठ एकजीव मळलं जातं आणि टॉर्टियाचा खास वास येतो. मक्यात अडकलेलं नायसिन हे जीवनसत्त्वही मोकळं होतं. मका युरोपात गेला, पण चुन्याची ही रीत गेली नाही. जिथे लोक मुख्यतः मक्यावर जगत, तिथे नायसिनच्या अभावाने होणारा पेलाग्रा हा रोग पसरला. तेव्हा पीठ घेताना असं चुन्यात शिजवलेल्या मक्याचं, म्हणजे ‘मासा हरिना’, आहे ना ते बघा.

गैरसमज : मिरचीचा तिखटपणा बियांत असतो.

वस्तुस्थिती : तो बिया जिथे चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या भागात असतो. साल्सा सौम्य हवी तर तो भाग खरवडून काढा. तोंड भाजलं तर पाण्यापेक्षा दूध किंवा दही बरं.

नवी पाककृती हातात आली की सामानाच्या यादीइतकीच कृतीही बारकाईने वाचा. तेलात आधी काय पडतं, आच कधी वाढते, पाणी किती आणि शेवटी काय घालायचं, एवढं कळलं की एखादा जिन्नस नसला तरी पदार्थ जमतो.