झोपेची गोळी आणि उतारवय

घरातील वृद्ध माणूस दिवसा पेंगू लागला, बोलता बोलता शब्द विसरू लागला, किंवा पहाटे मोरीकडे जाताना उंबरठ्यावर अडखळून पडला, की ‘आता वय झाले’ असे म्हणून घरची मंडळी आपली समजूत घालतात. ही समजूत पुष्कळदा खरी असते. नेहमीच असते असे मात्र नाही. अशा वेळी त्यांच्या उशाशी कोणत्या गोळ्या आहेत, याची चौकशी प्रथम व्हावयास हवी. गुंगी आणणाऱ्या औषधांचे परिणाम आणि वार्धक्याच्या खुणा यांत विलक्षण साम्य आहे. वार्धक्य म्हणून जे सोसले जाते, त्यातील काही भाग औषधाचा असतो व तो दूर होण्यासारखा असतो.

प्रारंभ बहुधा साधाच असतो. पत्नीच्या निधनानंतर आजोबांना झोप येईना, म्हणून डॉक्टरांनी पंधरा दिवसांपुरती गोळी लिहून दिली. दिवस गेले तसे दुःख थोडे निवळले, पण गोळी सुटली नाही. तीच जुनी चिठ्ठी दाखवून मुलगा बाजाराच्या दिवशी तालुक्याहून गोळ्या आणू लागला. अशी चार-पाच वर्षे लोटतात आणि मूळ डॉक्टरांनी रुग्णाला पुन्हा पाहिलेलेही नसते! यात कोणाचाही हेतू वाईट नसतो. म्हणूनच हा प्रकार कोणाच्या ध्यानात येत नाही.

या वर्गातील सर्वपरिचित औषध डायझेपाम हे १९६३ साली अमेरिकेत बाजारात आले. त्यापूर्वी झोपेसाठी बार्बिट्युरेट वर्गातील औषधे दिली जात व त्यांची मात्रा थोडी अधिक झाली तरी प्राणावर बेतत असे. त्या मानाने नवे औषध पुष्कळच निर्धोक ठरले. पुढे नायट्राझेपाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम अशी त्याची भावंडे आली. फेफरे थांबविण्यासाठी, शस्त्रक्रियेपूर्वी किंवा तीव्र चिंतेच्या अवस्थेत त्यांचा उपयोग मोलाचा आहे, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. दोष औषधात शोधण्यापेक्षा ते कोणाला, किती व किती दिवस दिले जाते, हे पाहणे अगत्याचे आहे.

उतारवयात शरीराची घडण बदलते. स्नायू व पाण्याचे प्रमाण घटते, चरबीचे प्रमाण वाढते आणि यकृताचे काम मंदावते. डायझेपाम चरबीत मुरणारे औषध आहे. त्याचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येण्यास विशीतील माणसाच्या शरीरात सुमारे २० तास लागतात, तर ऐंशीच्या घरातील माणसाच्या शरीरात सुमारे ९० तास लागतात, असे १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळून आले. म्हणजे सोमवारी रात्री घेतलेली गोळी निम्मीही उतरलेली नसताना मंगळवारची, बुधवारची व गुरुवारची गोळी तिच्यावर येऊन पडते. शिवाय यकृतात या औषधापासून जो पदार्थ तयार होतो, तोही गुंगी आणणाराच असून अधिकच रेंगाळतो. लोराझेपामसारख्या गोळ्या वृद्धांच्या शरीरातून तुलनेने लवकर बाहेर पडतात. तथापि वृद्धांचा मेंदूच अशा औषधांना अधिक संवेदनशील असल्याने ‘ही हलकी गोळी आहे’ या आश्वासनावर विसंबता येत नाही.

रात्री लघवीसाठी उठावे लागणे वृद्धांना चुकत नाही. अंधार, ओली मोरी, परसदाराची पायरी आणि त्यात अंगात गोळीची गुंगी. एकदा खुब्याचे हाड मोडले, की अंथरुणास खिळणे, पाठीवर जखमा होणे, छातीत कफ साचून न्यूमोनिया होणे अशी मालिका सुरू होऊ शकते. चालता-बोलता माणूस परावलंबी होतो.

गुंगी केवळ झोपेच्या गोळीतून येते असेही नाही. सर्दीच्या गोळ्यांत व खोकल्याच्या अनेक औषधांत असणारे क्लोरफेनिरामिन गुंगी आणते, शिवाय बद्धकोष्ठ, लघवी अडणे व भ्रम यांनाही कारण होते. वेदनाशामक ट्रॅमाडॉलचाही गुंगीवर्गातच समावेश केला पाहिजे. अशी दोन-तीन औषधे एकत्र आली, किंवा त्यांत मद्याची भर पडली, तर श्वास मंदावून जिवावर बेतू शकते. वृद्धांना शक्यतो टाळावयाच्या औषधांची यादी अमेरिकेतील डॉ. मार्क बीअर्स यांनी १९९१ साली तयार केली. तिची सुधारित आवृत्ती २०२३ मध्ये निघाली असून झोपेच्या या गोळ्या आणि सर्दीवरील जुनी औषधे या दोहोंचा तीत उल्लेख आहे.

आपल्या देशातील कायदा याबाबत स्पष्ट आहे. औषधे नियमावलीतील ‘एच-१’ अनुसूची १ मार्च २०१४ पासून अंमलात आली. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधे तीत येतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना त्यांची विक्री करता येत नाही. विक्रेत्याने डॉक्टर, रुग्ण, औषध व त्याचे परिमाण यांची नोंद स्वतंत्र वहीत करून ती तीन वर्षे जपावयाची असते. वेष्टनावर लाल चौकटीत इशाराही छापलेला असतो. मात्र शेजाऱ्याने शेजाऱ्याला दिलेली गोळी कोणत्याच वहीत येत नाही.

हे वाचून कोणी घरच्या वृद्धांची गोळी उद्यापासून बंद करील, तर तो अनर्थ होईल. दीर्घकाळ घेतलेली गोळी एकाएकी थांबविल्यास निद्रानाश, हातापायांना कंप, क्वचित फेफरेही येऊ शकते. डॉक्टरांच्या सल्ल्याने कित्येक आठवड्यांत मात्रा थोडथोडी उतरवावी लागते. कॅनडातील क्विबेक प्रांतातील एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. अशा गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्या वृद्धांना धोके व मात्रा उतरविण्याची रीत सांगणारी पुस्तिका देण्यात आली. सहा महिन्यांनी त्यांच्यापैकी शेकडा २७ जणांनी गोळी पूर्णपणे सोडली होती. पुस्तिका न मिळालेल्यांत हे प्रमाण शेकडा ५ होते. एका पुस्तिकेने एवढे साधावे, ही लोकशिक्षण करणाऱ्यांस उमेद देणारी गोष्ट आहे.

मुळात झोप का येत नाही, हेही पाहावयास हवे. रात्री आठला अंथरुणावर पडलेले आजोबा पहाटे तीनला जागे झाले, तर त्यांची सात तासांची झोप झालेली असते; त्यास निद्रानाश म्हणता येत नाही. गुडघेदुखी, दुपारची लांबलेली झोप किंवा सायंकाळचा चहा हीदेखील कारणे असतात. रक्तदाबासाठी दिलेली लघवी वाढविणारी गोळी संध्याकाळी घेतली जात असेल, तर ती सकाळी घेता येईल काय, हे डॉक्टरांना विचारावे. एकटेपणा व शोक यांनी झोप उडाली असेल, तर ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

गोळ्यांच्या पाकिटावरील नावे बहुधा इंग्रजीत असतात आणि ती आजीला वाचता येत नाहीत. शाळेत जाणाऱ्या नातवाला मात्र येतात. सातवी-आठवीच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना घरातील औषधांची नावे, ती केव्हापासून व कोणत्या वेळी घेतली जातात, हे एका कागदावर उतरविण्यास सांगावे. पंचायत सदस्यांनी आरोग्य उपकेंद्राशी बोलून एखादा दिवस ठरवून द्यावा आणि वृद्धांनी त्या दिवशी हा कागद व घरातील झाडून सारी औषधे, खोकल्याच्या बाटलीसह, एका पिशवीत घालून तेथे आणावीत.