रुग्णशय्येजवळील कृतज्ञता

घरात आई किंवा जिवलग मित्र गंभीर आजारी असता आपण मात्र धडधाकट आहोत, या जाणिवेने ‘सुटलो’ असे मनास वाटून जाते. ते स्वाभाविक असले, तरी त्यास कृतज्ञता म्हणता येणार नाही. पालीतील ‘कतञ्ञुता’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘केलेले जाणणे’ असा आहे. कोणीतरी काही केले, हे त्यात गृहीत असते. ईश्वराचे आभार मानावयाचे नसल्यामुळे बौद्धांची दृष्टी येथे माणसांकडेच वळते. निरोगीपणाच्या गर्वास तर अंगुत्तरनिकायात ‘आरोग्यमद’ म्हटले असून यौवनमद व जीवितमद यांच्या पंक्तीस बसविले आहे.

विनयपिटकाच्या महावग्गात पोटाच्या विकाराने ग्रस्त, स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या एका भिक्खूची कथा येते. तो कोणाच्या उपयोगी पडत नसे, म्हणून सहकाऱ्यांनी त्याची शुश्रूषा केली नव्हती. (हिशेबी मैत्री किती जुनी आहे!) तथागतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदांनी त्याचे अंग धुतले आणि दोघांनी उचलून त्यास मंचकावर निजविले. येथे आईबाप नाहीत, तेव्हा भिक्खूंनीच एकमेकांची काळजी वाहावी, असा दंडक त्यांनी त्या वेळी घालून दिला.

आपल्या काळातील उदाहरण तर घरचेच आहे. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’साठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी, खालावलेल्या प्रकृतीतही ग्रंथ पूर्ण होऊ शकल्याचे श्रेय पत्नी डॉ. सविता आंबेडकर व डॉ. मालवणकर यांच्या वैद्यकीय कौशल्यास दिले. १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत मात्र ती प्रस्तावना छापली गेली नाही. ते शब्द वाचकांपर्यंत पोहोचण्यास पुढे अनेक वर्षे लागली.