विद्यापीठांचे अर्थकारण – लेखांक ९ : उताराची लांबी आणि पुस्तकाचे तास

मागील लेखांकात इमारती, प्रयोगशाळा आणि वसतिगृहे यांसाठी विद्यापीठांना मिळणाऱ्या मोठ्या भांडवली अनुदानांचा विचार झाला. प्रस्तुत लेखांकाचा विषय आहे तो एखाद्या महाविद्यालयाला किंवा विभागाला एका नेमून दिलेल्या कामासाठी, ठरावीक मुदतीत खर्च करण्याच्या अटीवर मिळणाऱ्या छोट्या अनुदानाचा, जे काही हजारांपासून काही लाखांपर्यंतच जाते. आणि त्यातही, जे विद्यार्थी उच्च शिक्षणाच्या पायरीशीच अडतात त्यांच्यासाठी दिल्या जाणाऱ्या अनुदानाचा. या क्षेत्रात दोन संज्ञा वारंवार येतात. इमारत, पुस्तक, फळा, परीक्षा यांच्यापर्यंत पोहोचण्यातील अडथळा दूर करणे म्हणजे ‘सुगम्यता’, आणि पोहोचलेल्या विद्यार्थ्याला वर्गाचा घटक मानून अध्यापनाची घडीच त्याच्यासह बसवणे म्हणजे ‘समावेशन’. अडथळे जातीचे, लिंगभावाचे, भाषेचे आणि गरिबीचेही असतात. येथे मात्र दिव्यांग विद्यार्थ्यांचे उदाहरण मध्यवर्ती ठेवले आहे, कारण पैसा नेमका कोठे खर्च होतो आणि त्यातून दार खरोखर उघडते का, हे या उदाहरणात अक्षरशः फूटपट्टीने मोजता येते.

छोट्या रकमेने शिक्षणाची वाट मोकळी करण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. घरोघरी वार लावून जेवणारा विद्यार्थी हे जुन्या पुण्याचे परिचित चित्र असले, तरी ती सोय बहुतांशी एका जातीपुरतीच होती, आणि म्हणूनच राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना दिलेल्या आश्रयाचे महत्त्व वेगळे ठरते. शुल्क माफ झाले तरी शहरात राहायचे कोठे आणि जेवायचे काय, हा प्रश्न सुटल्याखेरीज खेड्यातील मुलगा वर्गात बसू शकत नाही, हे त्या व्यवस्थेने ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या ‘कमवा आणि शिका’ या सूत्रामागेही हीच जाण होती. विद्यार्थी नेमका कोठे अडतो हे आधी पाहून रक्कम त्या जागी ठेवण्याची ही दृष्टी आजच्या अनुदान योजना तपासतानाही उपयोगी पडते.

भारतात उच्च शिक्षणाच्या केंद्रीय अनुदानाची प्रमुख वाहिनी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या या आयोगाला १९५६ च्या कायद्याने वैधानिक दर्जा मिळाला. नवव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, म्हणजे १९९७ ते २००२ या वर्षांत, आयोगाने दिव्यांगांच्या उच्च शिक्षणासाठी दोन योजना पुढे आणल्या. विशेष शिक्षणातील शिक्षक घडवणारी योजना ‘टेप्से’ या आद्याक्षरी नावाने ओळखली गेली. दुसरी योजना, ‘हेप्सन’, थेट महाविद्यालयांसाठी होती आणि तिचे तीन भाग होते : प्रवेशापासून नोकरीपर्यंत मार्गदर्शन करणारा एक कक्ष, इमारतीतील अडथळे दूर करणारी बांधकामे, आणि वाचन-लेखनासाठी लागणारी विशेष उपकरणे. या वाटेवर पहिला अडसर मात्र पात्रतेचाच होता. आयोगाच्या कायद्यातील कलम २(एफ) आणि १२(बी) अन्वये मान्यता असलेल्या महाविद्यालयालाच असे केंद्रीय अनुदान मिळू शकते, आणि विनाअनुदानित तत्त्वावर निघालेल्या अनेक महाविद्यालयांना ती मान्यता नसते. परिणामी तालुक्याच्या ठिकाणच्या अशा महाविद्यालयात शिकणारा अंध किंवा चाकाची खुर्ची वापरणारा विद्यार्थी, केवळ आपल्या संस्थेचे नाव त्या यादीत नाही म्हणून, योजनेच्या बाहेर राहत असे.

यांपैकी बांधकामाचा भाग सर्वांत सोपा वाटतो आणि प्रत्यक्षात सर्वाधिक फसतो. चाकाच्या खुर्चीसाठी करावयाच्या उताराचे सर्वमान्य प्रमाण १:१२ आहे, म्हणजे एक फूट उंची चढायची तर बारा फूट लांबीचा उतार हवा. महाराष्ट्रातील जुन्या महाविद्यालयांच्या दगडी इमारती पावसाच्या पाण्यापासून बचावासाठी उंच जोत्यावर बांधलेल्या असतात. जोते तीन फूट असेल तर उताराची लांबी छत्तीस फूट होते, शिवाय मध्ये विसाव्यासाठी सपाट टप्पा, दोन्ही बाजूंना कठडा आणि वरच्या टोकाला खुर्ची वळवता येईल एवढी मोकळी जागा लागते. एवढी जागा दर्शनी भागात मिळत नाही किंवा तेवढा पैसा मंजूर झालेला नसतो, आणि मग पायऱ्यांच्या कडेला दहा-बारा फुटांचा सिमेंटचा एक तुकडा ओतला जातो. तपासणीच्या अहवालात त्याची नोंद ‘उतार’ अशीच होते, परंतु त्यावरून स्वतःच्या हातांनी खुर्ची वर नेणे कोणालाही शक्य नसते आणि उतरताना तर ती उलटण्याचा धोकाच असतो. चुकीच्या मापाचा उतार नसलेल्या उतारापेक्षा अधिक हानिकारक म्हटला पाहिजे, कारण कागदोपत्री काम पूर्ण झालेले असते आणि त्याच कामासाठी दुसऱ्यांदा मागणी करता येत नाही. जिथे छत्तीस फूट जागाच नाही, तिथे त्या विद्यार्थ्याचे सर्व तास तळमजल्यावरच्या, मागच्या सपाट दाराने जाता येईल अशा खोलीत लावणे हा उपाय अधिक प्रामाणिक ठरतो. पण वेळापत्रकातील असा बदल दाखवायला छायाचित्र नसते आणि कोनशिलाही नसते.

उपकरणांच्या बाबतीत हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. अंध विद्यार्थी आज संगणकावर वाचतो ते प्रामुख्याने ‘स्क्रीन रीडर’च्या साहाय्याने, म्हणजे पडद्यावरील मजकूर आवाजात ऐकवणाऱ्या आज्ञावलीने. अशी एक महागडी व्यापारी आज्ञावली विकत घेणे हा अनेक वर्षे अनुदानाच्या खर्चाचा ठरलेला मार्ग होता. ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये विकसित करण्यास घेतलेली ‘एनव्हीडीए’ ही आज्ञावली मात्र विनामूल्य उपलब्ध आहे आणि ती मराठीही वाचते. यंत्राचा प्रश्न त्यामुळे बराचसा सुटला. उरला तो मजकुराचा, आणि मराठीतून शिकणाऱ्यांच्या दृष्टीने खरी अडचण तिथेच आहे.

युनिकोड ही जगातील सर्व लिप्यांतील प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत आहे. ती रूढ होण्यापूर्वी मराठी छपाईसाठी जे फॉन्ट वापरले गेले, आणि अनेक मुद्रणालयांत आजही वापरले जातात, त्यांत संगणकाच्या स्मृतीत रोमन अक्षरे आणि चिन्हेच साठवलेली असतात व केवळ त्यांचे चित्र देवनागरी असते. डोळ्यांना ‘क’ दिसतो, संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजीतील एखादे अक्षर किंवा विरामचिन्ह असते, आणि स्क्रीन रीडर प्रामाणिकपणे तेच उच्चारतो. अशा फॉन्टमधील अर्थशास्त्राच्या नोट्स अंध विद्यार्थ्याच्या कानी निरर्थक इंग्रजी अक्षरांची माळ होऊन पडतात. पाने छायाचित्राच्या रूपात साठवलेली असतील तर तेवढेही ऐकू येत नाही. त्यावर उपाय म्हणून छापील पान स्कॅन करून त्यातील अक्षरे ओळखणारी यंत्रणा वापरली जाते, पण देवनागरीत तिची चूक अनेकदा एका गाठीची किंवा एका रेघेची असते. घ आणि ध, भ आणि म, ष आणि प यांची गल्लत होते, रफार गळतो, अनुस्वार हरवतो. गणिताच्या पुस्तकात ‘घन’ आणि ‘धन’ यांची अदलाबदल झाली तर वाचणाऱ्याला चूक झाल्याचा संशयही येत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत आणि दोन्ही गणितातलेच आहेत.

म्हणून मूळ पुस्तक शेजारी ठेवून प्रत्येक पान माणसाने तपासावे लागते, आणि छोट्या अनुदानाचा सर्वांत मोलाचा उपयोग या कामात आहे, असे ठामपणे म्हणता येईल. अडीचशे पानांच्या क्रमिक पुस्तकाचे एक पान तपासायला सरासरी दहा मिनिटे लागतात असे धरले, तर संपूर्ण पुस्तकाला सुमारे ४२ तास लागतील, आणि ताशी ५० रुपये मानधन धरले तर हा खर्च २,१०० रुपयांच्या आसपास जाईल. एका सत्रातील सहा पुस्तके १३ हजारांच्या आत होतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठासह राज्यातील विद्यापीठांत ‘कमवा आणि शिका’ योजना चालते, ज्यात गरजू विद्यार्थ्यांना कामाच्या तासांप्रमाणे मानधन मिळते. ग्रंथालयातील पुस्तके झाडणे किंवा बागकाम यांच्या जोडीला मजकूर तपासण्याचे काम त्यात आणले, तर एकाच रकमेतून दोन विद्यार्थ्यांचे शिक्षण पुढे सरकते आणि तपासणाऱ्याचा अभ्यासही आपोआप होतो. कायद्याची आडकाठी येथे नाही. २०१२ च्या दुरुस्तीने भारतीय स्वामित्वहक्क कायद्यात दिव्यांग व्यक्तींसाठी पुस्तकाचे वाचनसुलभ रूपांतर करण्याची मुभा दिली, आणि याच हेतूने झालेला माराकेश करार २०१४ मध्ये सर्वप्रथम संमत करणारा देश भारतच होता. २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे देशव्यापी ऑनलाइन ग्रंथालयही चालू आहे, त्यामुळे लातूरमध्ये एकदा तपासलेले पुस्तक नंदुरबारमध्ये पुन्हा तपासण्याची गरज राहत नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात दृष्टिबाधितांसाठी २००३ मध्ये सुरू झालेल्या केंद्राने असे काम महाविद्यालयाच्या आवारात राहून किती दूरवर नेता येते, याचा नमुना घालून दिला आहे.

तरीही प्रस्तावांमध्ये यंत्रांची मागणी अधिक आणि माणसाच्या तासांची कमी दिसते, याचे कारण हिशेबाच्या पद्धतीत आहे. अनुदानाचे ‘अनावर्ती’ आणि ‘आवर्ती’ असे दोन प्रकार मानले जातात : पहिले एकदाच होणाऱ्या खरेदीसाठी, दुसरे पगार-मानधनासारख्या वारंवार येणाऱ्या खर्चासाठी. देणाऱ्या यंत्रणेला पहिले सोयीचे वाटते, कारण त्यातून पुढच्या वर्षांची बांधिलकी उद्भवत नाही. घेणाऱ्या महाविद्यालयालाही तेच सोपे जाते, कारण रक्कम वर्षाच्या उत्तरार्धात खात्यात जमा होते, मार्चअखेर तिचे उपयोगिता प्रमाणपत्र सनदी लेखापालाच्या सहीने द्यावे लागते, आणि तीन दरपत्रके मागवून एक ब्रेल छपाईयंत्र घेणे हे सहा महिने विद्यार्थ्यांकडून काम करवून त्यांच्या तासांची हजेरी ठेवण्यापेक्षा लवकर उरकते. यंत्राची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत होते, त्याला क्रमांक मिळतो. पुढे ते चालवणारा माणूस न नेमल्याने त्यावरचे आवरण निघाले नाही, तरी हिशेब बिनचूकच राहतो. दोष येथे कारकुनाचा किंवा प्राचार्यांचा मानणे अन्यायाचे होईल. एका वर्षात पैसा संपवण्याची अट आणि तीन वर्षांचा अभ्यासक्रम यांचा मेळ बसत नाही, हे मूळ दुखणे आहे. तीन वर्षांच्या तुकडीला जोडलेले, दरवर्षी तिसऱ्या हिश्श्याने मिळणारे आवर्ती अनुदान, रक्कम तेवढीच ठेवूनही, कितीतरी अधिक काम करील.

दरम्यान कायद्याने जमीनच बदलली आहे. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे आणि शिक्षणसंस्थांत तीन टक्के जागा होत्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने प्रकारांची संख्या २१ वर नेली आणि शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत, किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्यांसाठी, किमान पाच टक्के जागा ठेवल्या. याच कायद्यात ‘वाजवी समायोजन’ ही संकल्पना आली. संस्थेवर अवाजवी भार न पडता त्या विशिष्ट व्यक्तीसाठी जो बदल आवश्यक आणि योग्य असेल तो करणे, असा तिचा अर्थ आहे. लिहिताना बोटे आखडण्याचा विकार असलेल्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पष्ट केले की असे समायोजन मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येत नाही. सार्वजनिक इमारती, ज्यांत शैक्षणिक इमारतीही मोडतात, सुगम्य करण्यासाठी कायद्याने नियम लागू झाल्यापासून पाच वर्षे दिली होती. नियम जून २०१७ मध्ये आले आणि मुदत जून २०२२ मध्ये संपली. म्हणजे उतार बांधणे हे आता संस्थेचे कर्तव्य आहे आणि ते तिच्या नियमित अंदाजपत्रकातूनच झाले पाहिजे. अनुदान मिळाले तर उतार, नाहीतर नाही, ही भाषा १९९७ मध्ये समजण्यासारखी होती. आज ती कायद्याला धरून नाही. छोट्या अनुदानाची जागा त्यामुळे संपत नाही, ती सरकते : कर्तव्याच्या यादीत अजून न बसलेले, करून पाहण्याचे, चुकण्याची मोकळीक लागणारे काम तिच्या वाट्याला येते. मराठीतील रसायनशास्त्राची सूत्रे कानाने कशी वाचावीत, किंवा समाजशास्त्रातील ‘स्तरीकरण’ या संज्ञेसाठी सांकेतिक भाषेत कोणती खूण ठरवावी, यांची उत्तरे अंध आणि कर्णबधिर विद्यार्थ्यांना सोबत घेऊन, प्रयोग करतच शोधावी लागतील. अशा प्रस्तावांच्या छाननी समितीवर दिव्यांग विद्यार्थी असावेत, त्यांना त्या बैठकीचे मानधन मिळावे, आणि अर्जाचा नमुना स्वतः स्क्रीन रीडरने भरता येण्याजोगा असावा, ही अपेक्षा फार मोठी नाही.

काही अडथळ्यांना मात्र पैशाची गरजच नसते. लेखनिकाच्या साहाय्याने किंवा त्याच्याविना परीक्षा देणाऱ्या पात्र दिव्यांग विद्यार्थ्याला, केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, दर तासामागे किमान २० मिनिटे अधिक मिळतात, आणि तीन तासांची प्रश्नपत्रिका त्याच्यासाठी चार तासांची होते. दुपारी दोनला सुरू झालेला पेपर मग सायंकाळी सहाला संपतो, स्वतंत्र खोलीतील पर्यवेक्षक तोवर थांबतो, आणि विद्यार्थी लेखनिकासह बसस्थानकावर पोहोचेपर्यंत गावाकडे जाणारी शेवटची एसटी सुटून गेलेली असते. तो विषय सकाळच्या सत्रात घेता येईल का, हे परीक्षा विभागाने वेळापत्रक छापण्यापूर्वी महाविद्यालयांना विचारले, तर त्या एका प्रश्नासाठी कोणताही प्रस्ताव, दरपत्रक वा उपयोगिता प्रमाणपत्र लागत नाही.

(पुढील लेखांक : शिष्यवृत्तीची रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात पोहोचेपर्यंतचा प्रवास)